दाऊदचाचांची साक्ष

खोलीच्या मालकाचं म्हणणं एकच होतं, हा माणूस माझ्या खोलीत कधी राहिलाच नाही. ते खरं ठरलं तर दाऊदचाचा या वयात रस्त्यावर येणार. पण त्यांची वकील म्हणजे माझी कौसरखाला! मी शाळेला दांडी मारून भिवंडी कोर्टात आले होते ते तिला जिंकताना बघायलाच.

"घाबरू नका चाचा," खालाने त्यांना बजावलं होतं, "जे खरं तेच बोला."

मालकाचा वकील उठला. अगदी गोडीत म्हणाला, "चाचा, इतक्या वर्षांत त्या खोलीत किती रात्री झोपलात?"

चाचांनी छाती पुढे काढली. "एकपण नाय, साहेब. कायम नाईट शिफ्ट. अब्बा वारले त्या रात्रीपण लूमवरच होतो. एक खाडा नाय आपला."

"बस, एवढंच," म्हणत वकील खाली बसला. दिवसाच्या झोपेचं त्याने विचारलंच नाही.

मी टाळी वाजवणारच होते, तेवढ्यात मला खालाचा चेहरा दिसला.

चाचा मात्र हसत तिच्याकडे वळले. "बरोबर बोललो ना, मॅडम?"