नव्या लेन्सचा पहिला फोटो

खोका त्याने स्वतः उघडला. बायकोला हातसुद्धा लावू दिला नाही. "थांब, धूळ जाईल," म्हणाला आणि स्टुडिओतला पंखा बंद करून आला.

ती हसली आणि चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. या लेन्सची हा माणूस दोन वर्षं डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होता. सकाळी दात घासायच्या आधी फोनवरच्या एका गटात तेच वाचायचं: कंपनी त्यांच्याकडच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी चेहरे टिपणारी नवी पोर्ट्रेट लेन्स काढतेय, पुढच्या महिन्यात काढतेय, या वर्षी काही काढत नाही. कुठकुठचे फोटोग्राफर तिथे एकमेकांची समजूत घालत आणि त्या समजुतीवर हा दिवस ढकलत असे.

तोवर दोघांचं काम एकाच जुन्या लेन्सवर चाललं होतं. ती सासऱ्यांनी लेकीला दिलेली, म्हणजे बायकोच्या माहेरची. नव्या कॅमेऱ्यावर ती मधे एक कडं अडकवून बसवावी लागे आणि फोकस हाताने फिरवून आणावा लागे. बायकोच्या हातात ती गुणी लेकरासारखी वागायची. त्याच्या हातात गेली की माणसाचा डोळा राहायचा बाजूला आणि कानाची पाळी स्पष्ट यायची. माहेरचीच ती, तिचंच ऐकणार, असं तो चेष्टेत म्हणायचा. त्यात चेष्टा थोडी आणि जळफळाट जास्त होता.

गिऱ्हाइकांना फोटो दाखवताना कोणता कुणी काढला हे दोघं सांगत नसत. गिऱ्हाईक आपलं आवडेल त्यावर बोट ठेवायचं आणि ते बोट दर वेळी बायकोच्याच फोटोवर पडायचं. तो शेजारी बसून "वा, छान निवड" म्हणायचा. त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. एकदा तरी, अगदी एकदाच, ते बोट आपल्या फोटोवर पडावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि आड येते ती लेन्स, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आज एक गायिका येणार होती, कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी. तिचा फोन त्यानेच घेतला होता. "फोटो मॅडमच काढणार ना?" असं तिने विचारलं, तेव्हा तो "दोघंही असतो आम्ही" म्हणाला होता. बायकोला त्यातलं त्याने काही सांगितलं नव्हतं.

"आजचे फोटो मी काढतो," लेन्स कॅमेऱ्यावर चढवत तो म्हणाला.

"काढ की."

"तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? पण आधी पहिला फोटो."

हा त्यांचा लग्नापासूनचा नेम होता. नवीन काही आलं, कॅमेरा असो की दिवा, पहिला फोटो एकमेकांचा काढायचा. तेच स्टूल, तीच खिडकी. मग दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघायचे.

ती स्टुलावर बसली. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. फोकसचा छोटा चौकोन आपोआप तिच्या डोळ्यावर जाऊन बसला, तिने मान हलवली तरी सुटेना. त्याने बटण दाबलं आणि फोटो मोठा करून पाहिला. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता, मागची भिंत पार विरघळून गेली होती. त्याला मनातून उकळ्या फुटल्या. आता माहेरचं-सासरचं काही राहिलं नाही, आता दोघं सारखे.

"अरे, किती सुंदर आलाय," ती म्हणाली आणि अगदी मनापासून म्हणाली. नेमकं हेच त्याला सोसत नसे. हिला आपला कधी हेवा वाटत नाही, म्हणजे हिला आपली धास्तीच नाही, असं त्याचं गणित होतं.

"चल, आता तू बस."

तो बसला. तिने कॅमेरा हातात तोलला, एक पाऊल मागे गेली, खिडकीचा पडदा वीतभर सरकवला. लेन्सबद्दल या बाईने दोन वर्षांत एक ओळ वाचली नव्हती. आणि आता ती अशी उभी होती, की लेन्स तिच्यासाठीच बनवून घेतली असावी.

"इकडे बघ ना. माझ्याकडे."

त्याने बघितलं. तिने बटण दाबलं.

दोन्ही फोटो पडद्यावर आले. डावीकडे ती होती, नीटनेटकी, काचेच्या कपाटात लावावी अशी. उजवीकडे तो. त्याने घाईघाईने आधी स्वतःचा कान तपासला, मग भिंत, कुठे काही चुकलंय का ते. काहीच चुकलं नव्हतं. मग त्याची नजर स्वतःच्या डोळ्यांवर गेली आणि तिथेच अडकली. त्या डोळ्यांतला जळफळाट शेंबड्या पोरानेही ओळखला असता.

तीही तिथेच बघत होती, पडद्याजवळ वाकून.

"पुसून टाक तो," तो म्हणाला. "लाइट चुकलाय."

"लाइट बरोबर आहे."

दाराची बेल वाजली. गायिका आली होती. बायकोने कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला, मुडपलेली कॉलर सरळ केली. दाराकडे मात्र ती गेली नाही. पुन्हा पडद्याकडे वळून तिने हळूच विचारलं,

"तू माझ्याकडे असा कधीपासून बघतोस?"