पाव फेरा

रेचलमावशींचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि माफीही त्याच मागत होत्या.

"शैलेश, तुझी बॅटरी मी बिघडवली रे. एवढी हौसेनं दिलीस."

एरवी शैलेशनं लगेच दुरुस्त केलं असतं, बॅटरी नाही मावशी, टॉर्च. आज तो खुर्चीच्या कडेवर नुसता टेकला. दुपारपासून लाईट नव्हती, खोलीत अंधारून आलं होतं. त्याच्या खिशात दोन टॉर्च होते, कारण एकच टॉर्च घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाला तो नागडा समजायचा. पण त्यानं एकही बाहेर काढला नाही. काढला असता तर प्लास्टर दिसलं असतं.

शैलेशच्या टॉर्चवेडाच्या पनवेलात पुष्कळ गोष्टी सांगतात. त्यानं एकदा गच्चीवरून नवा टॉर्च कर्नाळ्याकडे रोखला, तर सुळक्यापाशी झोपलेल्या पाखरांनी उजाडलं समजून कलकलाट केला, आणि सुकापूरचा दूधवाला ऐन रात्रीच्या जेवणाच्या वेळी किटली घेऊन दारात उभा राहिला. यातलं दूधवाल्याचं तेवढं खरं नसावं. पँट जळाल्याचं मात्र खरं आहे, कारण ते सगळ्या पंगतीनं पाहिलं. मेव्हण्याच्या लग्नात शैलेशच्या खिशातला टॉर्च आपोआप लागला. श्रीखंड वाढणारा त्याच्या पानापर्यंत पोचायच्या आत मांडीवरून धूर निघाला, आणि शैलेश विहीणबाईंच्या ताटावरून उडी मारून पळाला.

तेव्हापासून त्यानं नेम केला. टॉर्च बंद केला की मागचं झाकण पाव फेरा सैल करायचं. मग बटण कितीही दाबा, तो लागत नाही. पुढेपुढे हे त्याच्या ध्यानातही राहिना. शर्टाची बटणं लावावीत तसा हात आपला आपण फिरायचा.

खालच्या मजल्यावरच्या रेचलमावशींना त्यानं स्वतःहून टॉर्च दिला होता. लाईट गेली की लिफ्ट बंद, आणि जिन्याला खिडकी नाही, म्हणून. चांगली शिकवणी घेतली त्यानं. बटण एकदा दाबलं की मंद, दाबून धरलं की मोठा. कुणाच्या तोंडावर झोत मारायचा नाही. मारायचाच झाला तर मंद.

"बॅटरी देतोयस की बंदूक?" मावशी हसल्या होत्या.

मग त्यानं टॉर्च बंद केला आणि त्यांच्या हातात ठेवला. बंद करणं आणि हातात ठेवणं यांच्या मधल्या वेळात आपल्या हातानं काय केलं, ते त्याला शुक्रवारी कळलं.

मावशी ज्यू; त्यांच्या शब्बाथचा, शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. त्या शुक्रवारी दिवेलागणीआधी त्या दिव्यासाठी खोबरेल आणायला निघाल्या. लाईट गेलेली. जिन्यात त्यांनी बटण दाबलं. परत दाबलं. दाबता दाबता पायरी चुकली. पुढच्या महिन्यात इस्रायलमध्ये अश्दोदला त्यांच्या नातवाचं, नोमचं लग्न होतं. माझ्या हाताला मेंदी आजीच लावणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता आजीचं विमान तिच्याशिवाय उडणार होतं.

तेव्हापासून शैलेश मावशींच्या मजल्यावरून लिफ्टनं नुसता वरखाली करत राहिला. आज बायकोनं, स्नेहानं, त्याला खिचडीच्या डब्याबरोबर धरून आणलं होतं.

"तुम्ही कसली माफी मागताय, मावशी?" स्नेहा म्हणाली. "ह्याच्याकडे कपाटभर पडलेत. ए, तू बोल की काहीतरी! इतके दिवस तोंड लपवून बसलाय नुसता."

मावशींनी उशीखालून टॉर्च काढला. रुमालात नीट गुंडाळलेला. "बघ बाबा तूच. घाबरून फार जोरात दाबलं असेल मी."

शैलेशच्या अंगठ्याला झाकण लागलं. सैल. एक पीळ दिला असता तर सगळी खोली उजळली असती, खोलीत बसलेल्या त्याच्यासकट. त्यानं अंगठा बाजूला घेतला.

"तुमची काही चूक नाही, मावशी," तो म्हणाला.

इथपर्यंत खरं होतं. इथंच थांबला असता तरी चाललं असतं.

"हल्ली मालच असला येतो. आतून गेलाय हा. आता नाही व्हायचा दुरुस्त."

"म्हणजे माझ्या हातून नाही ना बिघडली?"

"छे, छे. कंपनीचा दोष."

"सुटले बाई," मावशी म्हणाल्या. "दे इकडे."

त्यानं दिला. मावशींनी मागचं झाकण दोन बोटांत धरलं आणि लोणच्याच्या बरणीचं लावावं तसं पाव फेरा पिळलं.

"नोमनं परवा व्हिडिओ कॉलवर बघितली आणि म्हणाला, आजी, मागचं जरा आवळ. लगेच लागली. मीच परत सैल करून ठेवली. म्हटलं, शैलेश येईल, आपणहून सांगेल."

स्नेहानं शैलेशकडे पाहिलं. मावशींनी बटण दाबलं. उजेड नेमका त्याच्या तोंडावर पडला. मंद, शब्बाथच्या दिव्याएवढाच.

"तोंडावर मारायचीच झाली तर मंद," मावशी म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना रे?"

मोठा झोत मारला असता, तर शैलेशला निदान डोळे तरी मिटून घेता आले असते.