आप्पांची डावी भुवई

चमचा तोंडाशी नेला आणि नेमका तेव्हाच घशात मागून कफ उतरला. तिने तोंड वाकडं केलं, आवंढा गिळला, मग चहा सुर्रकन ओढून तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला. चव? गरम पाण्याची.

तिने टेबलापलीकडे हळूच पाहिलं. आप्पांची डावी भुवई वर गेली होती.

"परत पाठवावा," ती म्हणाली. "जळकट वाटतोय."

"हं," आप्पा म्हणाले आणि कपापुढच्या चिठ्ठीवर फुली मारली.

चहाच्या कंपनीतल्या या चाखणीच्या खोलीत सहा वर्षं हे असंच चाललं होतं. रोज सकाळी लांब टेबलावर चाळीस पांढरे कप मांडायचे. आप्पा मुख्य चाखणारे, ती त्यांच्या हाताखाली. आप्पांच्या नाकाचा दबदबा असा, की बंद पेटीतला ओला चहा त्यांना दारातून कळतो म्हणे. त्यांचा नियम एकच होता. आधी धाकट्याने बोलायचं. मोठा आधी बोलला की धाकटा नुसती मान डोलावतो, आणि मान डोलावणारे बैल कंपनीला नकोत.

ती बोलेपर्यंत आप्पा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत उभे राहायचे. त्या नजरेने तिला रोज एकच वाटायचं. यांना संशय आलाय, आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार.

नोकरीला लागली तेव्हा तिचं नाक चांगलं होतं. दुसऱ्याच महिन्यात सर्दी झाली. सर्दी गेली, कफ मात्र मुक्कामाला राहिला. नाकातून पुढे न येता मागच्या मागे घशात टपकत राहायचा. दिवसभर खाकरणं, तोंड वाकडं करणं आणि आवंढे गिळणं. वास गेला, वासामागोमाग चवही गेली. चाखणाऱ्याचं नाक जाणं म्हणजे शिंप्याचे डोळे जाणं. सांगणार कुणाला? त्या भुवईने तिला तारलं. भुवई वर गेली की परत, नाही गेली की पास.

आणि आता आप्पा दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी ती. मग समोर नुसती भिंत, आणि भिंतीला काही भुवया नसतात. ही नोकरी गेली तर दुसरं कुठलंही काम तिला येत नव्हतं. तिची झोप उडाली.

"अगं, डॉक्टरकडे जा एकदाची," नवरा म्हणाला. "शेजारी तुझ्या खाकरण्यावर घड्याळ लावायला लागलेत."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात नळी घालून बघितलं. "सहा वर्षं? आणि आज उगवलात?"

"वास परत येईल ना?" तिने घाबरत विचारलं.

"प्रयत्न करू. वचन देत नाही."

उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने दोन वेळा नाक धुवायचं. रोज फवारा मारायचा. उशी उंच ठेवायची, चादरी गरम पाण्यातून काढायच्या, आणि नेमाने करायचं. चार दिवस करून सोडणार असाल तर न केलेलं बरं, असंही बाईंनी सुनावलं.

पहिल्या आठवड्यात पाणी नाकापेक्षा डोळ्यांतूनच जास्त आलं. मोरीच्या दारात उभा राहून नवरा म्हणायचा, "तूच किटली झालीयेस, घरातली विकून टाकू का आता?" तिला हसू यायचं नाही. ती दिवस मोजत होती.

तिसऱ्या आठवड्यात टपकणं कमी झालं. पाचव्यात थांबलं. घसा इतका मोकळा झाला की ती सवयीने खाकरायची आणि वर काहीच यायचं नाही. वास मात्र येईना. मग एका सकाळी कपडे भिजवताना तिला नवऱ्याच्या मोज्यांचा वास आला. मोजे नाकाशी धरून ती ढसाढसा रडली. आठवड्याभरात साबण, मिरी, जुनी पुस्तकं, सगळं परत आलं.

पण या नाकावर भरवसा ठेवायचा कसा? कंपनीत तिने आणखी काही दिवस भुवईच धरून ठेवली. भुवई एकदाही वर गेली नाही आणि कपही सगळे चांगलेच निघाले. तिला धीर आला.

आप्पांचा शेवटचा दिवस उजाडला. आपली धाकधूक आप्पांना कळू नये म्हणून आज चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती. आठ कप छान गेले. नवव्याला तिने श्वास आत ओढला आणि ओल्या गोणपाटाचा कुबट वास थेट टाळूला भिडला. तिने चेहरा दगडासारखा ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं.

भुवई जागची हलली नव्हती.

एवढं मोठं नाक गप्प आहे, आणि कालपरवा बरं झालेलं आपलं नाक ओरडतंय. पास म्हणावं आणि सुटावं. पण मग उद्या कुणाकडे बघायचं?

"परत पाठवावा," ती म्हणाली. "कुबट आहे."

आप्पा दचकले. "कुबट? नक्की?"

"नक्की. तुम्हाला नाही आला वास?"

आप्पांनी चमचा खाली ठेवला. जाऊन दार लोटून घेतलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. संपलं सगळं, तिला वाटलं.

"पोरी, आज शेवटचा दिवस, म्हणून सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "माझं नाक जाऊन नऊ वर्षं झाली. तू तोंड वाकडं केलंस की मी समजायचो, चहा वाईट आहे. आज का नाही केलंस?"