शेवटच्या ओळीखालची अक्षरं

"परदेशी भिंग नाही? मग बसवा," मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी हिंगमिरेकाका म्हणाले. "बिघडलं तर भांडायला जर्मनीला कोण जाणार? या बाई नाशकातच सापडतील."

या बाई म्हणजे केतकी. तिने बनवलेलं मऊ पॉलिमरचं भिंग घडी करून डोळ्यात सोडलं की आत आपोआप उलगडायचं. विक्रीचा परवाना आला होता, गिऱ्हाईक मात्र एकही नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "काकांना स्वच्छ दिसलं, तरच मी मागवणार."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काका भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

र
ग म
त न ल

काका थांबले. केतकीने तक्त्याकडे पाहिलं.

"एवढंच दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा हो! 'ल' इतका रेखीव असतो, विसरलोच होतो."

प ट व क
ड झ भ य ण

तक्ता संपला. डॉक्टर केतकीकडे वळले. "मॅडम, पहिली पेटी कधी पाठवताय?"

केतकी उत्तर देणार, तोच काकांचा आवाज चढला. ते अजून वाचतच होते : "मुद्रक, त्र्यंबक प्रिंटर्स, मेन रोड. फोन नंबरही सांगू?"