सहा तारा आणि एक भिंत

त्या संध्याकाळी अतुलने बायकोला ढोरासारखं मारलं आणि तिच्या डाव्या हाताचं बोट दारात घालून चेचलं. हर्षाच्या किंकाळ्यांनी खोली फाटायची बाकी होती.

सकाळी ती भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बायजाबाईंकडे गेली. "मावशी, माह्यासंगं पोलीस ठाण्यात चाला. तुमाले जे आयकू आलं तेवढंच सांगजा."

बायजाबाईंनी तांदूळ निवडताना मान वर केली नाही. "मले काय आयकू येते वं? मधातली भिंत केवढी जाड हाये!"

एकटीने जायचा हर्षाला धीर झाला नाही. बोट वाकडंच जुळलं.

पुढे भावाने, सुगतने, त्याची जुनी गिटार तिला आणून दिली. अतुल कारखान्यात ड्युटीवर गेला की ती पलंगाखालून गिटार काढायची आणि मोबाईलवर बघून शिकायची. तारा रुतून बोटांची टोकं सोलून निघायची, आणि नेमकं ते वाकडं बोट तारेवर बसायचं नाव घेत नव्हतं. पण हे दुखणं तिने स्वतः घेतलेलं होतं.

एका दुपारी तिने दात आवळून ते बोट दाबलं आणि सहाही तारा खणखणीत वाजल्या. हर्षा एकटीच खळखळून हसली. पुन्हा वाजवलं. पुन्हा.

दारावर थाप पडली. बायजाबाई उभ्या होत्या.



"बंद कर वं ते टुणटुण! मधातली भिंत कागदावानी हाये, सारंच्या सारं आयकू येते तिकडं!"