परसबागेचं पाणी

तलासरीजवळच्या पाड्यावरच्या शाळेत जेवणाआधी हात धुतलेलं पाणी बादल्यांत साठवून परसबागेला घालायचं ठरलं. थोड्याच दिवसांत योगिता मॅडमच्या लक्षात आलं, की बादल्या फक्त मुलीच उचलतात आणि मुलगे झाडाखाली बसून वांगी कधी लागणार याची चौकशी करतात. त्यांनी सांगून टाकलं, "उद्यापासून मुलगेपण पाणी घालणार." मुलगे रुसले, पण बादल्या उचलू लागले.

पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्याच तुक्याची आई जमना कामावर खाडा करून शाळेत आली.

"मॅडम, माझा पोऱ्या आता बहिणीसंगं विहिरीवर जातो. डोक्यावर हंडा घेऊन येतो. अख्खा पाडा हसतो त्याला."

ही आता तुक्याला शाळेतून काढणार, असं मॅडमना वाटलं.

"जमनाताई, रागावू नका. आत येऊन बसा ना जरा."

"मी नाय बसायला आले," जमना म्हणाली. कुंपणाआड घुटमळणाऱ्या नवऱ्याला तिनं हाताला धरून पुढे आणलं. "यालाच बसवा थोडे दिवस तुमच्या शाळेत."