बारा ते एक

सकाळचं ऊन वसतिगृहाच्या खोलीत आलं, पण घाईनं आलं नाही. आधी ते खिडकीच्या चौकटीवर थबकलं, मग टेबलाच्या कडेवर उतरलं. चहाचा उष्टा कप, चार्जरची वायर, उपडं पुस्तक असं एकेक ओलांडत ते भिंतीवरच्या वेळापत्रकापाशी पोहोचलं. सहा विषय, सहा रंग. सोमवार ते शुक्रवार एकही चौकोन पांढरा नव्हता. किल्लेदारानं आपल्या तटाकडे पाहावं, तसा खोलीतला तो विद्यार्थी त्या भिंतीकडे पाहत राहिला.

"काय पंडित, सोडतोयस ना विषय?" फोनवर ताई होती. "आज शेवटचा दिवस म्हणालास."

"नाही सोडणार."

"अंगापेक्षा बोंगा मोठा! परक्या विद्यापीठात सहा महिने काढायचे, चार विषय घ्यावेत माणसानं. एकात जरी गचकलास तरी परत पाठवतील. जेवतोस तरी वेळेवर? कोणाबरोबर?"

"असतात चारपाच जण," तो म्हणाला. रोज तो हेच म्हणे.

पाहुण्या विद्यार्थ्यांचं पाहणाऱ्या समन्वयक बाईंनी त्याला साडेअकराला बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर त्याची यादी आणि जुनी गुणपत्रिका शेजारी शेजारी होती.

"कम्पायलर विषयाची एकेक असाइनमेंट दोन आठवडे खाते," त्या म्हणाल्या. "चार विषय घेणारी मुलंही या खुर्चीत बसून रडतात."

"मी रडत नाही."

"दिसतंय." त्यांनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "डेटा स्ट्रक्चर्स. हा तर तू गेल्याच वर्षी तुझ्या कॉलेजात पास झालायस. एक्याण्णव गुण. इथे त्याचे गुण पुन्हा धरणारही नाहीत."

"पाया पक्का होतो."

"एक्याण्णववाल्याचा?"

बाई यादीच वाचत राहिल्या. "रोज बारा ते एक. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा हा तास बुडवतात. सगळे तेव्हा कॅन्टीनमध्ये असतात."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मला झेपत नाही, असं कोणी म्हणालं का? बाकीच्या पाचांत माझं काही अडलंय का? मग मी कुठला तास कुठे घालवतो, याच्याशी कोणाला काय करायचंय?"

"काहीच नाही." बाईंनी एक अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "हट्ट त्या पाचांत कर. तिथे तो शोभतो. हा एक सोड."

तलवार उपसावी तसं त्यानं पेनाचं टोपण उपसलं. विषय, तारीख, सही. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं : वेळेचा अभाव.

बाराला पाच कमी होते. बाहेरच्या व्हरांड्यात दारं उघडली, खुर्च्या सरकल्या. दोघं-तिघं, चौघं-पाचजण हसत, एकमेकांना हाका मारत जिना उतरू लागले. रोज याच वेळी तो त्या लोंढ्याला तोंड देत, खांद्यानं वाट काढत, उलट्या दिशेनं वर चढत असे. उशीर झालेल्या माणसासारखा.

त्यानं ते दोन शब्द इतक्या जोरानं खोडले की कागद फाटायचा राहिला. मग कोणालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, मान खाली न घालता, त्यानं खाली लिहिलं :

माझ्याबरोबर जेवायला कोणी नाही.